प्रभुभोजनाआधी उठणारा

आमच्या चर्चच्या मंडळीत शिंपीमावशींना माहीत नाही असं सहसा काही नसतं. म्हणूनच सुताराचं कोडं त्यांना फार छळत होतं. हा भला माणूस उपासनेला वेळेवर येई, भसाड्या आवाजात का होईना सगळी गीतं गाई, आणि येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची प्रभुभोजनाची भाकर फिरू लागली की हळूच उठून बाहेर जाई.

तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे लफडं. मावशी पडल्या मंडळीच्या पंच. "मनात पाप असल्याशिवाय माणूस प्रभूच्या मेजापासून पळत नाही," असं त्यांनी बैठकीत ठणकावलं. सुताराकडून मुलांची रविवारची शाळा काढून घ्यायचं जवळजवळ ठरलंच. त्या शाळेवर त्याचा जीव होता, पण ते कोण लक्षात घेतो? पाळकसाहेबांनी मात्र अट घातली, आधी कुणीतरी त्याला जाऊन विचारा. कुणीतरी म्हणजे कोण ते सांगायला नकोच. मावशींनी चपला घातल्यासुद्धा.

सुतार खिडकीच्या फळीला रंधा मारत होता. त्यानं स्टूल पुसून पुढे केलं.

"भाऊ, आडपडदा नको. भाकरीच्या वेळी उठता कशाला?"

"एकाशी बिनसलंय, मावशी. आधी समेट, मग अर्पण, असं बायबलचं वचन सांगतं. माझा हातच पुढे होत नाही."

मावशींनी कान टवकारले. "कुणाशी? पेटीवाल्याशी? मेहुण्याशी? पाळकसाहेबांशी तर नाही ना?"

दर वेळी तो मान हलवून नाही म्हणे, आणि मावशी स्टुलावर आणखी पुढे सरकत.

"तुमच्याशी," शेवटी तो म्हणाला.

"माझ्याशी? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"माझ्या पोराची नोकरी गेली तेव्हा उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी तुम्ही म्हणालात, जगाची वाकडी दारं सरळ करतो, घरचं पोर मात्र वाकडंच. सगळे हसले. पोरगा कपांचा ट्रे घेऊन मागेच उभा होता. तेव्हापासून तो चर्चची पायरी चढलेला नाही." त्यानं रंधा खाली ठेवला. "माझंही चुकलं. सरळ तुमच्याकडे यायला हवं होतं. राग धरून बसलो."

मावशींना ते वाक्य आठवलं. त्याला इतकी दाद मिळाली होती की घरी जाऊन त्यांनी ते बहिणीलाही ऐकवलं होतं. आता त्यांना मान वर करवेना.

"मला माफ करा, भाऊ."

"केलं. तुम्ही विचारायला आलात, माझा राग गेला. पोराचं मी कसं सांगू?"

रविवारी उपासनेआधी मावशींनी पंचांना सांगितलं, "शाळा भाऊंकडेच राहील. चूक सापडली, ती माझी आहे."

भाकर फिरू लागली. सुतारानं ती घेतली आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. मग ताट मावशींपाशी आलं. त्यांनी ते तसंच पुढे दिलं, उठल्या आणि दाराकडे निघाल्या. सगळ्या माना वळल्या, मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. मावशींनी सुताराच्या घराचा रस्ता धरला. या वेळी पोरगा घरी एकटाच असतो, हे त्यांना माहीत होतं.