निळ्या पेटीच्या जागी

दुकानात जाऊन ‘हे नको, दुसरं दाखवा’ असं म्हणणं मामांना जन्मात जमलं नव्हतं. दुकानदार जे पुढ्यात ठेवेल त्याला छान म्हणायचं, ते घेऊन घरी यायचं आणि मग पस्तावायचं, ही त्यांची रीत. छत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेची नळकांडी धुतली, व्होल्टमीटर जपले, मुलांनी उडवलेले फ्यूज बदलले. फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसे, पण सरांना तसं सांगायला जीभ कधी उचलली नाही. असा माणूस चार्ज कंट्रोलर निवडायला निघाला होता, आणि त्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचं घर टिकायचं होतं.

ताईचं घर म्हणजे रोपवाटिकेच्या टोकाच्या दोन खोल्या. विजेचे खांब अलीकडच्या ओढ्यापाशी येऊन जे थांबले ते थांबलेच. भाऊजींनी मग छपरावर सौर पॅनेल टाकलं, कोपऱ्यात मोठी पाण्याची बॅटरी ठेवली आणि दोघांच्या मधे भिंतीवर एक निळी पेटी लावली, तोच चार्ज कंट्रोलर. पॅनेलकडून आलेली वीज बॅटरीला बेताबेतानं पाजायची, अति होऊ द्यायचं नाही आणि रात्री बॅटरी अगदी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढं पेटीचं काम. तीन दिवे, एक पंखा आणि ताईच्या इन्सुलिनचा छोटा फ्रीज, एवढा संसार त्या पेटीच्या जिवावर चाले. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली, तरी पेटी होती.

गेल्या रविवारी भाचा आला. आईसाठी काहीतरी करावं म्हणून त्यानं भर दुपारी बॅटरीची टोकं घासायला घेतली. अशा वेळी आधी पॅनेल सोडवायचं असतं. त्यानं आधी बॅटरीचीच तार उपटली. पॅनेलचा सगळा जोर पेटीवर आला, फट् झालं आणि जळका वास सुटला. नशीब, फ्रीज वाचला.

“आता पुरे, आई,” भाचा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. “हे सगळं म्हातारं झालंय. माझ्याकडे चल.”

“आणि माझी रोपं?”

“एखाद्या माळ्याला देऊन टाक ना.”

“तू तान्हा होतास तेव्हा तुला दिलं होतं का मी कुणाला?”

बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की पुढच्या रविवारपर्यंत सगळं दुरुस्त व्हावं, आणि फ्रीज पहाटेसुद्धा चालू असावा. कारण पहाटे तो रोजच बंद पडे, गेली कित्येक वर्षं. चालला तर ताई राहील. नाही तर भाचा टेम्पो घेऊन येईल.

“तू आण रे नवी पेटी,” ताई मामांना म्हणाली. “मागेसुद्धा ह्यांनी तुलाच तर विचारलं होतं.”

ताई सहज बोलली. मामांना मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणायची ती अगदी तशीच पेटी. निळी, पुढे तीन दिवे असलेली. लाल, पिवळा, हिरवा. पूर्वी सुट्टीत मामा ताईकडे राहायला जात, तेव्हा संध्याकाळी भाऊजी मातीचे हात झटकत त्या पेटीसमोर उभे राहत. बॅटरीला ते ‘बाईसाहेब’ म्हणत. हिरवा लागला असेल तर, “आज बाईसाहेब पोटभर जेवल्या!” आणि पिवळा असेल तर, “रुसल्यात. पंखा बंद करा, दिवा एकच ठेवा.” मग तिघं ओट्यावर जाऊन बसत. ओल्या मातीचा वास, रोपांच्या पिशव्यांच्या अंधारात दिसणाऱ्या लांबच लांब रांगा, आणि भाऊजींच्या थापा. कधी कुठल्या गिऱ्हाईकानं पेरू म्हणून लिंबू कसं नेलं, कधी लहानपणी ते विहिरीत कसे पडले. दर वेळी विहीर थोडी आणखी खोल होई. मामा खिशात पुस्तक घेऊन यायचे आणि ते तसंच परत न्यायचे.

तिसऱ्या दुकानात ती पेटी सापडली. दुकान बॅटरीवाल्या बाईंचं होतं. चाळिशीच्या, डोळ्यांवर चष्मा, हातात सोल्डरिंगची काडी. त्यांनी वरच्या फळीवरून धूळ खात पडलेला खोका काढला. आत तीच निळी पेटी. मामांना इतका आनंद झाला की हरवलेलं माणूस बाजारात भेटावं तसं ते तिच्याकडे बघत राहिले.

“हीच,” ते म्हणाले.

“थांबा काका. पॅनेल कोणतं आहे? मागचा कागद वाचलाय का?”

मामांनी वहीचं पान पुढे केलं. बारीक, सुबक अक्षर. बाईंनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“अडीचशे वॅट. तीस व्होल्ट, आठ अँपिअर. आणि बॅटरी बारा व्होल्टची. तुम्ही या पॅनेलला ही पेटी जोडून वापरत होता?”

“हो.”

“अहो, ही साधी पेटी. ही पॅनेलला ओढून बॅटरीच्या पातळीवर आणते. तिसाचे तेरा होतात, अँपिअर तेवढेच आठ राहतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त ऊन वाया. तुम्हाला ही दुसरी पाहिजे, एमपीपीटी. ती जादा व्होल्ट फुकट घालवत नाही, त्यांचे अँपिअर करून देते. हिला जिथे आठ, तिथे तिच्यातून सोळा-सतरा सहज मिळतील. हे बसवलं कुणी?”

मामा वहीच्या पानाची घडी घालू लागले. बाई जे सांगत होत्या ते त्यांना नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी फांदी पडून जुनं, लहान पॅनेल फुटलं. त्या पॅनेलला निळी पेटी बरोबर होती. भाऊजींनी कुठून तरी हे मोठं पॅनेल मिळवलं. मामा तिथंच होते. भाऊजी शिडीवर, खाली ताई दोन्ही हातांनी शिडी धरून, मान वर करून नवऱ्याकडे बघत होती. “काय शास्त्रज्ञ,” भाऊजींनी वरून हाक मारली, “चालेल ना हे आपल्या पेटीला?” मामांनी कागद वाचला होता, गणित डोक्यात झालं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण भाऊजी उन्हात असे काही झळकत होते, आणि ताई अशी काही बघत होती. आणि भाऊजींची चूक काढणारे आपण कोण? आपलंच गणित चुकलं असलं तर? “छान आहे भाऊजी,” मामा म्हणाले.

“काका? हीच देऊ का मग?” बाईंनी विचारलं. “ती दुसरी महाग आहे, हे आधीच सांगते.”

मामांनी निळ्या पेटीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

“ही नको,” ते म्हणाले. “दुसरी दाखवा.”

गुरुवारी सकाळी त्यांनी ती भिंतीवर चढवली. राखाडी, जड, दिव्यांच्या जागी आकडे दाखवणारी. छपरावरच्या पॅनेलवर गोणपाट टाकलं. आधी बॅटरी जोडली, पेटीवरची बटणं दाबून बॅटरी पाण्याची आहे हे तिला सांगितलं, मग पॅनेलच्या तारा दिल्या. प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा. खाली येऊन त्यांनी गोणपाटाची दोरी ओढली.

भाऊजींनी पूर्वी लावलेला काट्याचा अँमीटर अजून भिंतीवर होता. काटा हलला. आठ ओलांडले. बारा. सोळावर जाऊन थरथरत उभा राहिला.

ताई दारात मातीच्या हातांनी उभी होती. “अगं बाई, हा बिघडला वाटतं. कडक उन्हातसुद्धा कधी आठाच्या पुढे जायचा नाही.”

“बिघडला नाही, ताई.”

“मग?”

काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेता आली असती. त्या कलेत मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्यांनी सांगितलं. शिडी, कागद, गणित, ‘छान आहे भाऊजी’. सांगताना ते अँमीटरकडेच बघत होते.

ताई पायरीवर बसली. नखांतली माती काढत राहिली.

“म्हणजे नऊ वर्षं मी निजताना पंखा बंद करत होते ते...”

“हो.”

“आणि हे बॅटरीला शिव्या घालत होते. दोन बॅटऱ्या बदलल्या आम्ही.”

“हो.”

“मूर्खा,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही, आणि म्हणूनच मामांना ते जास्त लागलं. मग म्हणाली, “सांगितलं असतंस तर काय झालं असतं माहितीये? हे दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत सुटले असते, माझ्या मेहुण्यानं माझी चूक काढली, असा हुशार माणूस आमच्या घरात आहे. तुला शास्त्रज्ञ म्हणायचे, ते तुला थट्टा वाटायची का रे?”

मामांना ती थट्टाच वाटत आली होती. ते मागच्या अंगणात गेले, हौदातून झारी भरली आणि पाणी घातलेल्याच रोपांना पुन्हा पाणी घालत राहिले.

शुक्रवारी, शनिवारी आभाळ भरलेलं. काटा कधी चार, कधी सहा. ताई मुद्दाम पंखा लावून झोपली. रविवारी पहाटे मामा अनवाणी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजला कान लावला. आत बारीक घुर्र चालली होती.

नऊला टेम्पो दारात आला. भाच्यानं फ्रीज उघडला, हात घालून पाहिला, आकडे पाहिले.

“आज चाललाय, ठीक आहे,” तो म्हणाला. “पण उद्याचं काय? बाबांनी बसवलेलं होतं तेव्हासुद्धा सगळे छानच म्हणत होते. मामा, तुम्हीच सांगा. आईनं इथं एकटीनं राहावं असं तुम्हाला तरी वाटतं का?”

त्यानं विचारलं खरं, पण उत्तर त्याला पाठ होतं. ‘तू म्हणतोस तेही बरोबरच आहे,’ असंच मामा म्हणणार. ताईनंही मान खाली घातली.

“तुझ्या बाबांचं चुकलं होतं,” मामा म्हणाले. “मला कळत होतं, मी बोललो नाही. आता तुझं चुकतंय, म्हणून बोलतो. सलग चार-पाच दिवस आभाळ राहिलं तर पंखा बंद ठेवावा लागेल, फ्रीज चालेल. मी दोनदा हिशेब केलाय. तिसऱ्यांदा करणार नाही. ती इथंच राहील.”

भाच्यानं आईकडे पाहिलं. “आई, मामा मला रागावले.”

“ऐकलं मी,” ताई म्हणाली. “मलाही नवीनच आहे.”

बाहेरून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. “साहेब, सामान कधी भरायचं?”

भाचा जागचा हलेना. मामाच चपला शोधत बाहेर गेले.

“सामान भरायचं नाही,” त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. आणि त्याचा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाले, “माफ करा हं, तुमची खेप फुकट गेली.”