मधल्या बाईचं स्टूल

‘त्या चोराला सांग, तागा पाठवलाय का शेवाळ. झालं.’

एवढं फोनवर लिहून गादीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते उत्तराची वाट बघत बसले. राग नेमक्या शब्दांत उतरला की माणसाला जेवल्यासारखं वाटतं, तसं त्यांना वाटत होतं.

गादीवाले लहानपणीच्या तापात बहिरे झाले आणि पुढे सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवणाऱ्याच्या हाताखाली लागले. हा धंदा त्यांना मानवला. खुर्चीला कापड ठोकताना कारागीर बारीक खिळे तोंडात धरतो, त्यामुळे ऐकू येणारेही दिवसभर गप्पच असतात. त्या सगळ्यांत वेगळे दिसायला गादीवाल्यांना वावच नव्हता.

फोनचं खातं बायकोकडे होतं. तिला ऐकू यायचं. फोन करायचा झाला की गादीवाले तिच्या खांद्यावर टिचकी मारत, हातांच्या खुणांनी चार कडक वाक्यं फेकत, ‘त्या चोराला सांग’पासून सुरुवात करून, आणि पुन्हा खुर्चीकडे वळत. ती बोलत असताना तिच्या तोंडाकडे बघायची त्यांना गरज वाटत नसे. हुकूम सोडल्यावर राजा दूताच्या मागे मागे जात नाही. थोड्या वेळाने ती येऊन खुणेने सांगायची, कापडवाला फार वरमला, माफी मागत होता, म्हणाला तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कारागिराकडे नाही. गादीवाले खिळे तोंडात तसेच ठेवून मान डोलवत. कापडवाला दूरच्या शहरात होता. माल ट्रकने यायचा आणि माफी बायकोमार्फत. इतक्या वर्षांत दोघांची गाठ कधी पडली नव्हती, पण आपला धाक त्या शहरापर्यंत पोचतो याचं गादीवाल्यांना समाधान होतं.

मागच्या वर्षी बायको गेली आणि फोन मुका झाला.

मुलगी लगेच म्हणाली, आमच्याकडे राहायला या. तिच्या घरी जावयाने दुकानातून तयार सोफा आणला होता. त्याच्यावर नुसतं बसायचीही गादीवाल्यांची तयारी नव्हती, राहणं लांबच. बरीच हुज्जत झाल्यावर करार ठरला. वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम त्यांनी एकट्याने पुरं करून दाखवायचं, माणसांशी बोलण्यासकट. जमलं तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर कारखान्याला कुलूप.

आणि जाता जाता तिने त्यांच्या फोनवर रिले सेवा बसवून दिली. आपण लिहायचं, कुठल्याशा कार्यालयात बसलेली बाई ते वाचून समोरच्याला ऐकवणार, आणि समोरचा बोलेल ते टाइप करून आपल्याला पाठवणार. आपली पाळी संपली की शेवटी ‘झालं’ म्हणायचं. त्या बाईने स्वतःचं अक्षर घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही, खोकला आला तर खोकलासुद्धा कंसात लिहायचा.

“बाबा, नीट लक्षात ठेवा,” मुलीने खुणांनी दोनदा बजावलं होतं. “ती बाई म्हणजे आई नाही. लिहाल तेच वाचेल.”

गादीवाल्यांनी मान हलवली होती. पोटच्या पोरांनी दिलेल्या सूचनांना माणूस जशी हलवतो तशी.

निम्म्या खुर्च्या सुंदर निळ्या झाल्या तेव्हा कापड संपलं. नमुन्याचा तुकडा पाठवून आणि मुलीकडून दुकानाच्या नंबरवर मेसेज करून तसलाच आणखी एक तागा मागवला, आणि उलगडून बघतात तर निळ्यात हिरवट झाक. दोन्ही रंग एका ओळीत मांडले असते तर वाचनालयात पुस्तकं सोडून लोकांनी खुर्च्याच बघितल्या असत्या. काम तीन दिवस अडलं. कारखान्याचं कुलूप डोळ्यांसमोर दिसायला लागलं, तेव्हा गादीवाल्यांनी मनाचा हिय्या करून आयुष्यातला पहिला फोन स्वतः लावला होता.

पडद्यावर अक्षरं उमटली.

‘(शांतता)’

मग पुन्हा, ‘(शांतता)’. मधली बाई कामाला चोख होती.

‘कोण चोर? अहो बाई, तोंड सांभाळून बोला. मघाशी मोठी सेवा सेवा म्हणून सांगत होता, ही सेवा?’

गादीवाले बुचकळ्यात पडले. आपल्याला बाई म्हणायचं कापडवाल्याला काय कारण, हे काही कळेना. गैरसमज मुळातच उपटावा म्हणून त्यांनी लिहिलं, ‘मी बाई नाही. झालं.’

कुठल्याशा कार्यालयात एका बाईने आपल्या बाईच्या आवाजात हे वाक्य स्वच्छ वाचून दाखवलं असणार. कारण पुढचा कंस जरा उशिरा आला. ‘(समोरची व्यक्ती दुसऱ्या कुणाला तरी सांगते आहे: इकडे ये रे, ही बाई बघ काय म्हणते.)’

मग गादीवाल्यांनी आपण कोण, कुठले, कशाच्या गाद्या शिवतो ते सविस्तर लिहिलं आणि शेवटी पुन्हा शेवाळाचा उल्लेख केला. ओळख पटली. पण ओळख पटल्यावर वरमायचं सोडून कापडवाला जास्तच तापला.

‘असं होय, तुम्ही! मग बरोबर आहे. नमुना म्हणून नखाएवढा तुकडा पाठवायचा आणि रंग जुळला नाही की बोंब मारायची. दरवेळचंच आहे तुमचं. दरवेळी मी बोलतो आणि दरवेळी तुम्ही माफी मागता. झालं.’

गादीवाल्यांनी चष्मा उतरवला, पुसला, आणि हे वाक्य पुन्हा वाचलं.

‘माफी मी मागतो? माफी तुम्ही मागता. मी जन्मात कुणाची मागितलेली नाही. झालं.’

‘मी? अहो, मी बायकोची मागत नाही, तुमची कशाला मागू? तुमच्याकडून फोन यायचा, हे म्हणतात राग मानू नका, चूक आमचीच, तुमच्यासारखं कापड कुठे मिळत नाही. एवढ्यावरच तर मी इतकी वर्षं माल पाठवला. नाहीतर असलं गिऱ्हाईक मी दारात उभं केलं नसतं. झालं.’

आता शांतता इकडच्या बाजूला होती, आणि ती कंसात लिहायला कुणी नव्हतं. गादीवाल्यांचा अंगठा पडद्यावर तसाच राहिला.

कापडवाल्यालाही काहीतरी जाणवलं असावं. त्याने पाळीची वाट न बघता पुढे बोलून टाकलं.

‘जाऊ दे. या मधल्या बाईकडून काही जमायचं नाही. वहिनींना द्या फोन. त्या बरोबर सांगतील. आणि त्यांना विचारा, वर्षभर एक फोन नाही? ऑर्डर आली तीही नुसत्या मेसेजने. मी इथे रागावून बसलोय. झालं.’

बायको गेल्याचं गादीवाल्यांना आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना दारातल्या गर्दीवरून कळलं, बाकीच्यांना मुलीने कळवलं. मुलीच्या माणसांत कापडवाला नव्हता. तो बायकोच्या माणसांतला होता. ते शब्द स्वतःच्या बोटांनी लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली होती. त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

‘ती गेली. मागच्या वर्षी. दोन दिवसांच्या आजारात. झालं.’

मधल्या बाईने हे कसं वाचलं असेल कुणास ठाऊक.

‘(शांतता)’

‘(समोरची व्यक्ती नाक शिंकरते आहे)’

आणि मग एकेक ओळ येत गेली.

‘मला कुणी कळवलंही नाही. कळवणार तरी कोण म्हणा. कळवायचं काम त्यांचंच होतं.’

‘माझ्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज फोन यायचा. हे विचारतात, पोराने आज काय खाल्लं? हे विचारतात, डॉक्टर काय म्हणाले? माझे सख्खे भाऊ दोनदा येऊन गेले आणि निघाले. मी घरी सांगायचो, बघा, ज्याला ऐकू येत नाही तो माणूस रोज चौकशी करतो. तुम्ही शिव्या घाला नाहीतर काही घाला, पण ते मी विसरणार नाही. झालं.’

कापडवाल्याला मुलगा आहे, हेच गादीवाल्यांना आत्ता समजत होतं.

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. मला यातलं काही माहीत नाही, ती आपल्या मनाने विचारायची. मधल्या बाईने तेही तितक्याच स्वच्छ वाचलं असतं. गादीवाल्यांनी ‘मला’ एवढं लिहिलंसुद्धा. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली, जिथे बायकोचा जुना फोन होता. ते ‘मला’ त्यांनी सावकाश खोडलं.

‘आता कसा आहे मुलगा? झालं.’

उत्तर झरझर आलं. मुलगा ठणठणीत होता, दुकानात बसत होता आणि हिरवट तागा त्यानेच बांधून दिला होता. ऑपरेशन हृदयाचं झालं, डोळ्यांचं राहिलं, असं कापडवाल्याचं म्हणणं पडलं. पहिल्या निळ्याच्या लॉटमधला एक अख्खा तागा गोदामात होता, तो उद्याच्या ट्रकने निघणार होता.

‘आणि चूक आमची. हे मी म्हणतोय हं, मी स्वतः. मधे कुणी नाही. म्हणजे ही बाई आहे, पण ती धरायची नाही. झालं.’

‘नमुना मीही मोठा पाठवायला हवा होता. तुमच्यासारखं कापड कुठे मिळत नाही. झालं.’ बायकोचं वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा वापरलं, आणि वापरल्यावर ते खरंच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

‘तो हिरवट तागा परत पाठवू नका, ठेवा तिकडेच. आणि तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी फार काळजी करायच्या. झालं.’

गुडघ्याबद्दल आपण घरात कुणापाशी बोललो नव्हतो, अशी गादीवाल्यांची समजूत होती.

फोन संपला. पडद्यावर मधल्या बाईची ठरलेली ओळ आली, ‘कॉल संपला आहे. आणखी एखादा फोन जोडायचा आहे का?’

गादीवाल्यांनी लिहिलं, ‘नाही. आभारी आहे. तुम्ही फार अवघड काम करता. आम्ही तुम्हाला मधे घेऊन भांडलो.’

‘त्यासाठीच मी आहे. धन्यवाद.’

धन्यवादाला उत्तर काय लिहायचं ते त्यांना सुचेना. मग सुचलं ते लिहिलं. ‘दिवसभर बसून असता. खुर्ची कशी आहे तुमची?’

असल्या प्रश्नाचं उत्तर सेवेच्या नियमांत नसावं.

‘कडक आहे,’ मधल्या बाईने लिहिलं, आणि ती गेली.

गादीवाले कोपऱ्याकडे बघत राहिले. जुन्या फोनशेजारी बायकोचं बसायचं स्टूल होतं. लाकडी, उघडं, मधे जराशी झिजलेली फळी. गावातल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, नाटकगृहाच्या खुर्च्या गादीवाल्यांनी मऊ केल्या, आणि त्यांच्या वतीने माफ्या मागणारी, चौकशा करणारी बाई इतकी वर्षं या फळीवर बसली. तिने एकदा खुणेने म्हटलंही होतं, याला काहीतरी लावा ना. त्यांनी तोंडातल्या खिळ्यांकडे बोट दाखवलं होतं. कामात आहे.

त्या दिवशी वाचनालयाच्या खुर्च्या तशाच राहिल्या. गादीवाल्यांनी स्टूल घासलं, काथ्याचा थर बसवला, वर चांगल्यातला फोम घातला आणि हिरवट ताग्यातून गोल कापड कापलं. एरवी ते दर बोटभर अंतराला एक खिळा मारत. इथे अर्ध्या बोटाला मारला. बाहेरच्या उजेडात धरल्यावर त्या कापडाचा रंग तितका वाईट नव्हता. शेवाळ म्हणण्याइतका तर मुळीच नाही.

खुर्च्या वेळेत पोचल्या. मुलीने व्हिडिओवर फोन केला, करार मान्य केला, आणि ऑपरेशनच्या फोनांची हकीकत तिला मुळीच नवी नव्हती हेही कबूल केलं. आईने तिला लहानपणीच तोंडावर बोट ठेवायला शिकवलं होतं. मग तिला बाबांच्या पाठीमागे स्टूल दिसलं.

“अरे वा. छान झालंय,” ती खुणेने म्हणाली. “मग त्याच्यावर बसा ना. खाली जमिनीवर का बसलाय, तो गुडघा घेऊन?”

“गोंद ओला आहे अजून,” गादीवाल्यांनी खुणेने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. गादीवाले स्टुलाशेजारी जमिनीवर बसले होते. फोन गादीच्या मधोमध उभा करून ठेवला होता. त्यांनी हात लांब केला, कापडाला तळवा लावून पाहिला, आणि मान हलवली.

अजून वाळतोय.