सोनियाचा श्वास आणि माझं कातडं

मी एक जुना ढोल आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. एवढ्या मोठ्या आवाजाच्या ढोलाला कसली भीती, असं तुम्हांला वाटेल. पण आवाज माझ्या पोटातल्या हवेचा. माझं स्वतःचं म्हणाल तर लाकडाचं एक पोकळ खोड आणि दोन्ही तोंडांना ताणून बांधलेलं बकऱ्याचं कातडं. सतत ताणलेल्याला कधी निवांत झोप लागते का?

कवठे महांकाळजवळच्या माळावर एका धनगरवाडीत मी घडलो. मला वाजवणारे नानासो, त्यांच्या वडिलांनी मला बांधलं. यात्रेत गजीचा नाच रंगला की मला मधे घ्यायचे आणि माणसं हातात रुमाल घेऊन भोवती गोल नाचायची. "नानासोचा ढोल लय गोड बोलतोय," असं लोक म्हणायचे. मी खूश व्हायचो आणि लगेच घाबरायचो, कारण कौतुक झालं की वाजवायचं टिपरू आणखी जोरात पडायचं. पुढे यात्रेत कर्णे आले आणि मला देवळाच्या आढ्याला टांगलं. रात्रंदिवस उंदरांची चाहूल घेत मी तिथे लटकलो होतो.

मला खाली उतरवलं ते शाळेतल्या जरिनाबाईंनी. त्यांच्या पहिलीच्या वर्गात नानासोंची नात सोनिया होती. घरी ती मेंढरांमागे गाणी म्हणत पळायची, पण वर्गात पुस्तक घेऊन उभी राहिली की तिचा श्वास अडकायचा आणि ओठ निळे पडायचे. एकदा तर ती तशीच खाली कोसळली. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे, पोर भीतीनं श्वास कोंडते. पण तिचे वडील धनाजी धास्तावले होते. दसऱ्यानंतर कळप चरायला पश्चिमेला निघतो. पोरीला शाळा सोसत नाही, तिलाही बरोबर न्यायचं, असं त्यांनी ठरवत आणलं होतं.

जरिनाबाईंनी नानासोंना विचारलं, "बाबा, तुम्ही एवढा वेळ नाचता, तुम्हांला धाप कशी लागत नाही?"

"पाऊल टाकताना दम सोडायचा, बाई. कोंडला की माणूस पडतंय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या अंगणात होतो. नानासो मला हळूच वाजवायचे, मुलं गोल चालायची, पाऊल पडलं की श्वास सोडायची आणि त्या श्वासावर अक्षर गायची. सोनिया पहिल्यांदा नुसतीच चालली. मग गुणगुणली. मग एके दिवशी चालता चालता तिनं अख्खी ओळ वाचली आणि स्वतःच चकित झाली. मला मात्र धाकधूक लागली. मी बंद पडलो तर हिचं काय?

पालकांच्या मेळाव्याच्या दिवशी सोनिया सगळ्यांसमोर वाचणार होती. धनाजी पुढे येऊन बसले होते. आठवडाभर पावसाची भुरभुर चालू होती आणि माझं कातडं ढिलं पडलं होतं. आमच्याकडे अशा वेळी ढोल शेकतात. "नातीसाठी आज चांगला वाजला पायजे," म्हणत नानासोंनी मला बाभळीच्या निखाऱ्यांजवळ धरलं. जरा जास्तच जवळ. कातडं आतून करकरायला लागलं. मला ओरडायचं होतं, पण ढोलाला कुणी मारल्याशिवाय ओरडता येत नाही.

सोनियानं पुस्तक उघडलं. पाऊल टाकलं. "शेळी आली. पाला खाल्ला." तिचा आवाज मोकळा झाला, नानासोंना चेव आला, टिपरू जोरात पडलं आणि मी टर्रकन फाटलो.

सोनियाचा पाय वरच राहिला. तिचे ओठ मिटले आणि मला तो निळा रंग दिसला. धनाजी अर्धवट उठले. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो, आणि आता माझ्यात आवाजही नव्हता.

जरिनाबाई तिच्याकडे धावल्या नाहीत. त्यांनी जागेवरच पाऊल आपटलं आणि मोठ्यानं श्वास सोडला. मग नानासोंचा पाय पडला. मग धनाजींचा, गजीत पडतो तसा. सोनियाचा लटकलेला पाय खाली आला आणि कोंडलेला श्वास हुश्श करून बाहेर पडला.

"पिल्लू उड्या मारू लागलं," ती म्हणाली.

धनाजींनी मला उचललं आणि एवढंच म्हणाले, "ह्याला कातडं चढवाय पायजे."

दसऱ्यानंतर कळप गेला. सोनिया आजोबांजवळ राहिली. मी अजून फाटकाच वर्गाच्या कोपऱ्यात आहे. माझं नवं कातडं सध्या त्या कळपात चरतंय, आणि खरं सांगतो, त्या बकऱ्याच्या काळजीनंही मला झोप येत नाही.

मित्रांनो, मला शेकाल तेव्हा निखाऱ्यापासून लांब धरा. आणि कुणी मूल पुस्तक घेऊन ओठ घट्ट मिटून उभं दिसलं, तर त्याला "वाच, वाच" म्हणू नका. आधी चालू द्या, गुणगुणू द्या, श्वास सोडू द्या. त्यासाठी ढोल नसला तरी चालतं, हे मी फाटून पाहिलंय.