दाराजवळचे दोन हिरवे

ब्रायनी मेटकाफचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं आणि मे उजाडला तरी ऑसवल्ड हेब्डनने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात राग नव्हता, तगादा नव्हता. होतं ते निव्वळ कौतुक, आणि तेच त्याला जड जात होतं.

तीस वर्षं त्याने रुग्णवाहिकांवर पिवळे-हिरवे चौकोन चिकटवले होते. बुद्धिबळाच्या पटासारख्या दोन ओळी, समोरून दिव्याचा झोत आला की लखकन उजळणाऱ्या. निवृत्तीच्या आठवड्यात शेवटची गाडी केली, तेव्हा साबणाचं पाणी, स्पंज, रबरी पट्टी सगळं नेहमीसारखं होतं. फक्त बाजूचं सरकतं दार बंद करायचं राहिलं. चौकोन उघड्या दाराशी तंतोतंत जुळले. दार लागलं, तेव्हा वर हिरव्याशेजारी हिरवा आणि खाली पिवळ्याशेजारी पिवळा! हे त्याच्या लक्षात आलं तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती. कोणी काही बोललं नाही, आणि ऑसवल्ड तर मुळीच नाही.

ती गाडी जुनी होऊन स्किप्टन गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकाकडे आली. पथकप्रमुख ब्रायनीने गाडीच्या कागदांतून त्याचं नाव शोधून विचारलं होतं, ‘दाराजवळ दोन हिरवे एकत्र ठेवलेत, त्यामागचं कारण कळवाल का? इतकं नेटकं काम करणारा माणूस उगाच काही करणार नाही.’

“लिही ना एकदाचं,” त्याची बहीण विनिफ्रेड दर रविवारी म्हणायची. “तीन ओळींचं तर काम.”

“ती हसेल गं.”

“हसू दे की! तुला काय ऐकू येणार आहे?”

तो पुस्तकात डोकं खुपसायचा.

मेमधल्या एका शनिवारी विनिफ्रेडने त्याला ओढतच स्किप्टनच्या बाजारात नेलं. चीजच्या गाड्याशेजारी पथकाने चहा मांडला होता आणि मागे दोन रुग्णवाहिका उभ्या होत्या. एक त्याची. दुसरी कोरी करकरीत, आणि तिच्याही दाराजवळ, फूटपट्टी लावून बसवल्यासारखे, दोन हिरवे शेजारी शेजारी.

ऑसवल्ड विनिफ्रेडच्या मागे सरकला.

“काय गं पोरी,” टोपीवाला एक म्हातारा मेंढपाळ विचारत होता, “चिकटवणाऱ्याला दोनपर्यंत मोजता येत नव्हतं का?”

“आजोबा, गंमत तीच तर आहे!” ब्रायनी किटलीवरून ओरडली. “दोन हिरवे भेटतात तिथे दाराची कडी. घाईतही हात बरोबर तिथेच जातो. डोकेबाज माणूस होता तो!”

“कडी तर तिथून हातभर लांब आहे.”

“हो... तेवढं अजून कळलेलं नाही. म्हणून तर त्यांना पत्र घातलंय. तिसरी गाडी गुरुवारी येतेय, तीही अशीच करणार.”

विनिफ्रेडने कोपर मारलं. ऑसवल्डने हातातल्या पेल्यातून एक घोट घेतला आणि तोंड उघडलं. “चहा,” तो म्हणाला, “फार छान आहे.”

“साखर घातलीय का?” ब्रायनीने विचारलं.

“नाही. हो. माफ करा,” म्हणत तो पेल्यासकट निघाला आणि पेला परत करायला विनिफ्रेडला मागे फिरावं लागलं.

घरी येईपर्यंत तेच शब्द त्याच्या डोक्यात घोळत होते. डोकेबाज माणूस! उत्तर न देता तो जन्मभर डोकेबाज राहू शकत होता. पण एका रंगाचे दोन चौकोन अंधारात एकच डाग दिसतात आणि गाडी कुठे सुरू होते, कुठे संपते हे पटकन कळत नाही. हे स्किप्टनमध्ये त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि गुरुवारी तिसरी गाडी.

पहिला खर्डा चार पानांचा झाला. विनिफ्रेडने चष्मा लावून वाचला. “चौकोनांचा इतिहास सुरेख आहे. पण चूक कुठेय?”

“तिसऱ्या पानावर.”

“कंसात?”

“हो.”

“ऑसवल्ड!”

दुसऱ्यांदा त्याने लिहिलं: ‘कारण काही नाही. दार उघडं ठेवून मी चौकोन लावले. चूक माझी. कृपया तिसरी गाडी अशी करू नका. पहिल्या दोन मी दुरुस्त करीन. बुधवारी सकाळी साबणाचं पाणी आणि जुने चौकोन सोलायला गरम हवेचं यंत्र घेऊन येतो. हसायचं असेल तर मी येण्याआधी हसून घ्यावं.’

“शेवटचं वाक्य खोडू का?” त्याने विचारलं.

“हात तर लावून बघ!”

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट अर्धं सरकवून तो थांबला. तिकीट नीट चिकटलंय का? सहीत नाव वाचता येईल ना? मागे पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन एक बाई येऊन उभी राहिली.

“अहो, टाकताय की परत घेताय?”

“टाकतोय, टाकतोय,” ऑसवल्ड म्हणाला आणि त्याने बोटं सोडली.