नीरफणसाची पाईफाला

पोरांच्या रविवारी आमच्या बेटावरच्या गावात उलटा कायदा. एरवी आधी म्हातारे जेवतात, मग आम्ही, आणि उरलंसुरलं पोरांना. वर्षातल्या त्या एका रविवारी मात्र पोरं पांढऱ्या कपड्यांत चटईवर बसतात आणि मोठी माणसं वाढपी होतात. पोर मागेल ते आधी त्याच्या पानात.

माझ्या भावाच्या मुलीनं, लोसानं, यंदा पाईफाला मागितली. पाईफाला म्हणजे अननसाचं सारण भरलेली करंजीच म्हणा, फक्त तळायची नाही, भाजायची. मागणं एवढंसं, पण लोसाला गहू चालत नाही. चिमूटभर पोटात गेला तरी पोर आठवडाभर ओहोटीतल्या शेवाळासारखी पडून असते.

"तुला कोको घालून भात करते ना, गोड," तिची आई, एसेटा वहिनी, म्हणाली.

"तो दरवर्षीच करतेस. मी वाटी घेऊन कोपऱ्यात, आणि बाकीचे एकमेकांच्या हातातलं खातात. मला तिरेसाच्या हातातलं खायचंय."

तिरेसा माझी मुलगी.

वहिनीनं नीरफणस उतरवले. चिकानं अडू नये म्हणून सुरीला तेल चोळलं, फोडी पत्र्यावर वाळवल्या, दळल्या. पीठ झालं पिवळसर, सुक्या गवताच्या वासाचं. नारळाच्या दुधात भिजवलं, बाटलीनं लाटलं, दुमडायला गेली तर मधोमध भेग. पुन्हा लाटलं, पुन्हा भेग.

"वहिनी, ही पाईफाला की वाळूचा किल्ला?"

"वन्सं, तुम्ही अननस ढवळा."

संध्याकाळी माझी आई परातीत भाजलेला नीरफणस गरमागरम ठेचत बसली होती. ठेचताना तिच्या ओठांत नेहमीचं गाणं:

ठेच ठेच गं मुसळी, वाफ जाऊ दे वाऱ्याला,
एका परातीचा घास माझ्या अंगणा साऱ्याला.

लोसानं त्यातला एक गोळा उचलून दोन्ही हातांनी ताणला. तो लांबत गेला, लांबत गेला, तुटेना.

"आजी, हाही नीरफणस, आईचा तोही नीरफणस. मग हा ताणतो आणि तो का तुटतो?"

आईची मुसळी थांबली. "जन्मभर ठेचतेय गं मी, पण हे कुणी विचारलंच नाही. गरम असतो म्हणून असेल."

"मग हाच त्यात घातला तर?"

घातला. ठेचलेला गरम गर, त्यावर पीठ, वर कढत नारळाचं दूध. वहिनीनं चटके सोसत मळलं. गोळा झाला कानाच्या पाळीसारखा मऊ. लाटला, दुमडला, आम्ही चौघी वाकून बघत होतो. भेग नाही.

सारणाचा अननस नुसताच आटवलेला, त्याच्याच गोडीवर.

"साखर नाही? माझ्या जिभेनं काय पाप केलंय?" आई म्हणाली.

"साखरेच्या आजारानं तुमच्या पायाची जखम किती दिवस भरत नव्हती, आई? विसरलात?" वहिनी म्हणाली.

आई पुटपुटत पुढची पारी लाटायला बसली. आणि चिकटू नये म्हणून, हात जसा आयुष्यभर गेला तसाच, तिनं डब्यातलं मूठभर पीठ पाटावर भुरभुरलं. गव्हाचं.

वहिनीनं बाटली खाली ठेवली. तयार झालेल्या पाईफालांचा थाळा तिनं माझ्याकडे सरकवला. "तिरेसाला चालतील."

लोसा उठून बाहेर गेली.

आई आपल्या पांढऱ्या तळव्यांकडे बघत राहिली. मग तिनं डबा उचलला, शेजारी नेऊन दिला आणि कोपरापर्यंत हात धुऊन परत आली.

"पाट बाहेर टाका. लाकडात पीठ मुरतं. केळीची पानं अंथरा, बाटली उकळून घ्या. आता पोरांचा रविवार होईपर्यंत या घरात गहू नाही. सगळ्यांना हीच पाईफाला."

"एवढ्या माणसांना, आई?" वहिनीनं विचारलं.

"झाडाची फळं संपली का?" ती दाराशी गेली. "लोसा, ये. तुझ्या आजीला पुन्हा शिकव."

रविवारी थाळा आधी लोसापुढे आला. तिनं एक उचलली, उलटी करून पाहिली, कडेचा वास घेतला, मग हळूच चावली. तिरेसा एव्हाना अर्धी संपवून बसली होती.

"माझ्यात सारण जास्त आहे. बघ," म्हणत तिरेसानं आपली उष्टी पाईफाला लोसाच्या तोंडाशी नेली.

वहिनीचा हात मध्ये आला. वर्षानुवर्षांची सवय ती. हात तिथंच थांबला, आणि मग तिनं तो सावकाश मागे घेतला.

लोसा तिरेसाच्या दातांच्या खुणेवरच चावली.

"तुझी करपलीय," ती म्हणाली.

"मग दे परत."

"आता नाही देत."