अव्वाच्या फोनची कडी

कमलम्माने लेकाच्या हातातून फोन काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"अपडेट-बिपडेट काय नगं. चालतोय की चांगला."

शरणबसवने कपाळावर हात मारला. पुण्याच्या कंपनीत त्याचं कामच फोनच्या सुरक्षेतली भोकं शोधण्याचं. कॅमेरा, पडदा असले अवयव चालवणारे छोटे प्रोग्रॅम असतात, ड्रायव्हर म्हणतात त्यांना. तसल्याच एकातली चूक त्याने उन्हाळ्यात हुडकली होती. दुरुस्ती गावोगावच्या फोनवर पोचली, साहेबांनी पाठ थोपटली. आणि इथे गावी, शुक्रवार पेठेत, सख्ख्या आईचाच फोन तेवढा उघडा!

"हे बघ अव्वा," तो चटईवर तिच्याजवळ सरकला. "नळ दुरुस्तीला माणूस आला. तू त्याला मोरीपुरतंच आत घेतलंस. पण मोरीच्या दाराची कडी मोडकी. तिथनं तो माजघरात शिरला, किल्ल्या घेतल्या, अन् घराचा मालकच होऊन बसला. फोनातलं एखादं साधं टॉर्चचं ॲपबी तसंच करू शकतंय."

"अगं बाई! मग कडी बसवून घ्यावी की."

"तीच बसवायलोय. तूच सारखं 'नंतर' दाबतीयास."

अव्वा पदराने फोनची काच पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"त्यात लिवलंय, थोडा वेळ फोन बंद ऱ्हाईल म्हणून," ती हळूच म्हणाली. "नेमका तवाच तुझा आला तर?"

ती चूक शोधायच्या नादात शरणबसवने किती वेळा 'उद्या करू' म्हणत घरचा फोन टाळला होता.

"आता मी हितंच हाय की," तो म्हणाला. "दुसरं कोण फोन करणार?"

हे मात्र तिला पटलं. तिने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. पडदा काळा झाला. तेवढ्या वेळात तिने त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नको नको म्हणताना वाटीभर दही वाढलं. डोळा मात्र फोनवरच.

फोन उजळला. ताटावरून न उठता शरणबसवने डाव्या हाताने आपला मोबाईल काढला आणि तिचा नंबर लावला.

रिंग वाजली तशी अव्वा लगबगीने उठली. रेंज यायची त्या खिडकीपाशी गेली, पदर सारखा केला, आणि त्याच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत म्हणाली,

"हां, बोल बाळा. जेवलास का?"