मारुतीच्या गळ्यातलं उपरणं

"हे खांदे त्यांचे न्हाईत," बयाबाई म्हणाली.

लोहगडवाडीच्या वळणावर, तिच्या पिठलं-भाकरीच्या टपरीला लागून दोन बांबू रोवले होते आणि त्यांना फ्लेक्स ताणून बांधला होता. सकाळचं धुकं अजून गडाच्या कड्याला चिकटलेलं होतं. पवनानगरच्या घाटावर दहाव्याला निघायची घाई चाललेली, जीप सुरू होऊन धूर सोडत होती, आणि बयाबाई मात्र पदर हनुवटीखाली धरून फ्लेक्सवरच्या आपल्या नवऱ्याकडे बघत उभी होती.

"आये, चल की. समदी खोळंबल्यात," निलेश म्हणाला.

"तोंड तुझ्या बाचं हाय. खांदे कुनाचे?"

निलेशनं दाढी खाजवली. बाप गेल्यापासून त्याच्या गालाला पातं लागलं नव्हतं. "लोनावळ्याच्या दुकानात धड तयारच आसतं. शर्ट, उपरणं, समदं. वरनं निस्तं तोंड बसवत्यात. भाऊंच्या पोरांनी घाईत करून आनलं."

"म्हंजे ह्या शर्टात आजून कितीक जनांना घालून झालं आसंल."

निलेशनं जीपवाल्याला थांबायचा हात केला.

मारुतीला खांदे होते, पण ते एका रेषेत कधीच नव्हते. उमेदीची सगळी वर्षं त्यानं गडावर पाण्याचे हंडे वाहिले होते. पुढं हंडे जाऊन कॅन आले, पण वाहणारा खांदा तोच राहिला. उजवा. तो असा दबला होता की मारुती ताठ उभा राहिला तरी कुणाशी कानगोष्ट करायला वाकल्यासारखा दिसे. डाव्या खांद्यावर टॉवेल असे. फ्लेक्सवरचा मारुती पाटासारखा सरळ होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचं उपरणं. त्याचा रंग सांगण्यात अर्थ नाही. यशोधनभाऊंनी तो इतक्यांदा बदलला होता की त्यांच्या धोब्यालाच खरं काय ते ठाऊक. वरच्या कोपऱ्यात खुद्द भाऊ हात जोडून उभे होते, मयतापेक्षा चांगले दुप्पट. खाली गोल गोल चौकटींत कार्यकर्त्यांची तोंडं, कढईत भजी सोडल्यासारखी. आणि मधोमध ठळक अक्षरांत, 'निष्ठावंत कार्यकर्ता हरपला'.

बयाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. अक्षराला अक्षर लावून तिनं ते वाचलं आणि तोंडात खडा आल्यासारखं तिचं तोंड झालं.

मारुती कुणाचाच कार्यकर्ता नव्हता. त्या घरात राजकारण व्हायचं ते संध्याकाळी टीव्हीपुढं, आणि ते बयाबाई करायची. मारुती भिंतीला टेकून बसायचा आणि ती बोलेल त्यावर "व्हय" म्हणायचा. पण त्याच्या 'व्हय'मध्ये तऱ्हा होत्या. एक नुसता, एक हसणारा, आणि एक 'आता जरा आवर घाल' असा. टीव्हीवरची माणसं सगळी एकदम ओरडायला लागली की ती म्हणायची, "ह्यांच्यापरीस आमच्या कोंबड्या बऱ्या. दिवसभर कुटंबी उकरू द्या, दिवस बुडाला की आपल्याच खुराड्यात येत्यात. ह्यांना सांजच्याला कंचं खुराडं ते ह्यांच्या बायकांनाबी ठावं नसंल."

"व्हय."

एकदा टीव्हीवरच्या एकानं टेबलावर मूठ आपटून देव धोक्यात असल्याचं सांगितलं. बयाबाई भाकरी थापायची थांबली. "द्येव धोक्यात? मंग म्या नवस कुनाला बोलायचा? ह्याला?" त्या दिवशी मारुती इतका हसला की त्याला ठसका लागला.

दिल्लीपासून वाडीपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. मतदान जवळ आलं की साऱ्या पुढाऱ्यांना बहिणी आठवायच्या, तेव्हा ती म्हणे, "माजा सख्खा भाऊ दिवाळीला फिरकत न्हाई, आन् ह्यो बिनबोलावता कोन आला?" मागच्या खेपेला यशोधनभाऊंनी वाडीच्या बायकांना बस करून देवदर्शनाला नेलं. ती गेली. दोन वेळचं जेवली, देवाचा अंगारा आणला आणि मतदानाच्या दिवशी भाऊंच्या विरोधातलं बटण दाबून आली. "गाडी त्याची व्हती, बोट माजंच हाय," असं तिनं भर रस्त्यात सांगितलं.

मारुती बोलायचा नाही, करायचा. एका वर्षी कुठून तरी चार पोरं मोटरसायकलवर आली आणि पवनानगरच्या अंडीवाल्या चाचाकडून कुणी काही घ्यायचं नाही, असं वाडीत सांगून गेली. दुसऱ्या दिवशी चाचा आला तो वेशीवरच घुटमळला. मारुतीनं त्याला हाताला धरून आणलं, रस्त्यावरून दिसेल असं ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि अंड्यांचे ट्रेच्या ट्रे उतरवून घेतले. आठवडाभर घरात अंड्याशिवाय काही शिजलं नाही. "आवं, आता माज्या पोटात कोंबडा आरवंल," बयाबाई म्हणाली. तो म्हणाला, "आरवू दे. गावाला जाग येईल."

आणि त्याच माणसाच्या गळ्यात हे उपरणं.

जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. दुधिवऱ्याची खिंड उतरताना धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि काठाकाठानं मांडलेले तंबू. त्यातले काही निलेशचे. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं यायची, शेकोटी करायची, गिटार वाजवायची. गेल्या महिन्यात सगळ्यांना तंबू हलवायची नोटीस आली होती. वरती भाऊंचा शब्द गेला तर तंबू राहतील, असं निलेशला कुणीतरी सांगितलं होतं. झेडपीचं इलेक्शन तोंडावर आलेलं, भाऊ दारोदार फिरत होतेच. मारुती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते येऊन पायरीवर बसले. निलेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दहाव्याचं सगळं आम्ही बघतो."

त्या दिवसापासून मायलेकांत धुसफूस चालली होती.

"आये, त्यांनी एवढं म्हटलंय. दोन शब्द बोलतील आन् जातील."

"त्यांचं दोन शब्द म्या नथूच्या दहाव्याला ऐकलंत. ऊन डोक्यावं आलं तरी दुसरा शब्द आला नवता."

ते खरंच होतं. वाडीतल्याच नथूच्या दहाव्याला पुढाऱ्यांची रांग लागली होती. म्हाताऱ्या बायका तापल्या फरशीवर पाय आलटूनपालटून उभ्या, आणि माईकवर एकेक जण नथूला विसरून आपलंच सांगत होता. परत येताना मारुती म्हणाला होता, "बये, माज्या दहाव्याला कुनाच्या हातात माईक दिऊ नगं. जित्तेपनी लय ऐकलं ह्यांचं."

"मंग म्याच बोलीन की माईकवं."

"तुजं ऐकीन," तो म्हणाला होता. सहज, खिडकीबाहेर बघत.

ही गोष्ट तिनं निलेशला सांगितली होती. निलेश बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "आबा गेला, आये. माला हितं ऱ्हायाचंय." बयाबाई उठली आणि चुलीतली राख ओढायला लागली.

घाटावर मंडप होता, खुर्च्या होत्या, कर्णा उंबराला बांधला होता. माईकवर सोपान. मावळात लग्नाला बँडवाला लागतो तसा दहाव्याला सोपान लागतो. कोण आलं, कोण येतंय, कुणाची गाडी कामशेत सोडून पुढं आली, सगळं तो गहिवरल्या आवाजात सांगतो. "मारुतीभाऊ म्हणजे एक वटवृक्ष," तो म्हणत होता. मागच्या दहाव्यालाही वटवृक्षच होता.

निलेशचं डोकं भादरून झालं. भटजीनं पिंड मांडले. इंद्रायणी तांदळाच्या भाताचे, घरच्याच खाचरातल्या. बयाबाई बायकांत बसली. शेजारी नंदाबाई, लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. पार कडेला, मोटरसायकलच्या आडोशाला अंडीवाला चाचा टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचं नाव काही सोपाननं पुकारलं नाही.

मग तीन गाड्या आल्या. लोक खुर्च्यांतून उठले. भाऊ आले, फोटोला फुलं वाहिली, माईक घेतला.

"मारुतीभाऊ आणि माझं नातं घरच्यासारखं," भाऊ सुरू झाले. "कधीही मतदान असो, सकाळी पहिला फोन मारुतीभाऊंचा. यशोधन, काळजी करू नको, आख्खी वाडी तुझ्या पाठीशी आहे."

मारुतीकडे फोन नव्हता. त्याला हवाच नव्हता. बायकांत चुळबूळ झाली. नंदाबाईनं कोपरानं ढोसलं. "बोल की ग. तुजा म्हनं फोन करायचा."

बयाबाईनं समोर पाहिलं. निलेश भाऊंच्या मागं उभा होता. ताजं भादरलेलं डोकं, नको तिथं पांढरं दिसणारं. हात जोडलेले. तो भाऊंकडं बघत नव्हता, पिंडाकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता. लहानपणी शाळेत मास्तर तक्रार सांगायला लागले की असाच बघायचा.

तिच्या जिभेवर शब्द तयार होता. चांगला, धारेचा. तो ऐकून आख्खा घाट हसला असता, आणि हसणं ओसरल्यावर निलेश उद्या कुठं गेला असता?

"घसा बसलाय," ती नंदाबाईला म्हणाली.

नंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. बयाबाईचा घसा कधी बसल्याचं मावळात कुणाला आठवत नव्हतं. नंदाबाई सरकून तिच्या अंगाला अंग लावून बसली.

भाऊ रस्त्यांवर आले, पाणीयोजनेवर आले, मग दिल्लीवर गेले. देश कुठं चाललाय ते त्यांनी सांगितलं. आणि देश असा चाललेला असतानाच उंबरावरून एक कावळा सरळ खाली आला, कर्ण्याला न बिचकता मधल्या पिंडाला चोच लावून भाताचा गोळा घेऊन उडाला.

"शिवला, शिवला," लोक म्हणाले.

भाऊंनी रुमाल डोळ्यांना लावला. "बघा. मारुतीभाऊंचा आत्मा इथंच होता. आपल्या माणसाचा आवाज ऐकला आणि शांत झाला." मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मग दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून थांबले.

कावळ्याला काय, बयाबाईच्या मनात आलं. माईकवर कोण आहे ते तो बघत नाही, भात बघतो. मतदाराचीही तीच गत. संध्याकाळ असती, टीव्ही चालू असता, तर हे बोलायला किती बरं होतं. ती अर्धवट डावीकडं वळलीसुद्धा. भिंतीकडं, जिथून 'व्हय' यायचा तिकडं. तिथं नंदाबाई होती, आणि तिच्यापलीकडं नदी.

जेवणं झाली, गाड्या गेल्या. दुपार कलता कलता सगळे वाडीत परतले. चाचा कधी येऊन गेला कळलं नाही. टपरीच्या फळीवर अंड्यांचा एक ट्रे ठेवलेला होता.

बयाबाई घरात गेली नाही. टपरीत चुलीच्या वर एक खिळा होता आणि खिळ्याला मारुतीचा टॉवेल तसाच लटकत होता. धुरानं पिवळा पडलेला, एका कडेला दशा सुटलेल्या. तो तिनं काढला, नाकाशी धरला, मग खांद्यावर टाकला. गिऱ्हाइकांचं लाकडी स्टूल ओढत ती फ्लेक्सखाली घेऊन गेली. दोरीवरचे चिमटे पदरात बांधले.

सून राजेश्वरी दारात आली. "आत्या, काय करताय? उद्या भाऊंची गाडी ह्याच वाटनं प्रचाराला यायचीय."

"येऊ दे. वाट काय माज्या बाची हाय?"

ती स्टुलावर चढली. आधी पदराचा ओला शेव घेऊन तिनं ते उपरणं घासून पाहिलं. ते जाणार नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. छापलेलं ते. मग दोन्ही हातांनी टॉवेल उघडून तिनं फ्लेक्सवर नवऱ्याच्या गळ्याशी धरला. स्टूल डुगडुगलं.

आणि एकाएकी स्थिर झालं.

तिनं खाली पाहिलं. निलेशचं गुळगुळीत डोकं. दोन्ही हातांनी त्यानं स्टूल धरलं होतं. तोंड रस्त्याकडं, जिकडून गाड्या येतात तिकडं. राजेश्वरी दारातच थांबली. गडावरून उतरलेली दोन-चार पोरं बाटल्यांतलं पाणी पीत निघून गेली.

बयाबाईनं वरच्या कडेला एक चिमटा लावला. टॉवेल अर्धा उपरण्यावर, अर्धा त्या सरळ, परक्या खांद्यावर पडला. ती मान मागं घेऊन बघत राहिली. काहीतरी चुकत होतं.

"डाव्या," निलेश खालून म्हणाला. "आबा डाव्या खांद्यावं टाकायचा."

तिनं चिमटा काढला आणि टॉवेल त्याच्या डाव्या खांद्यावर सरकवला.